वल धरणारी माती

हळ्ळीखेडला आमच्या शेजारी बंडेप्पा अण्णा राहतात. त्यांच्या ओसरीवर तळ कापलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या टांगलेल्या असतात. तोंडाला फडकं, आत शेतातली काळी माती. एकीत शेणखत आणि काथ्याचा भुसा कालवलेला, दुसरीत चिपाडाची राख, तिसरीत दुकानातली पाणी धरणारी पूड, एकीत नुसतीच माती. प्रत्येकीत पेलाभर पाणी ओतायचं आणि खाली किती गळलं ते खोकल्याच्या औषधाच्या टोपणानं मोजायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग.

ओसरीवर कुणाचं पाऊल वाजलं तरी ते दचकतात. मला म्हणतात, "हळू चाल, सुमा. माती दबली की माप चुकतंय." लग्नाला गेले तरी मांडवातल्या कुंडीत बोट खुपसून विचारतात, "वल धरती का?" लोक आता त्यांना लांबून बघूनच कुंड्या आत नेतात.

"अण्णा, एवढं कामून करायलाव?" मी एकदा विचारलं.

"भेगा पडायल्यात," एवढंच म्हणाले, आणि त्यांचा आवाज उतरला. काळी माती उन्हाळ्यात फाटतेच. त्यात भिण्यासारखं काय, मला कळेना.

गेल्या एप्रिलात भर दुपारी मी भाकरी द्यायला गेले तर दार सताड उघडं, फोन खाटेवर, अण्णा कुठंच नाहीत. मी शेताकडे धावले. बांधाजवळ अण्णा पालथे पडले होते आणि उजवा हात खांद्यापर्यंत जमिनीत गेला होता. साप चावला असणार. मी "अण्णा!" म्हणून ओरडले.

"वरडू नको," ते तसेच पडून म्हणाले. "किती खोल गेलीय बघायलोय."

"हात काढा अगोदर. आत काय असंल, काय सांगावं."

"बोटं टेकंनात गं."

तेव्हा मला दिसलं. ती भेग अक्काच्या समाधीच्या चौथऱ्याखाली शिरत होती. अक्का म्हणजे अण्णांची बायको, दोन वर्षांमागं गेलेली. आमच्यात माणूस गेलं की आपल्याच शेतात पुरतात.

अण्णा उठून बसले.

"तिला भेगांचं लई भ्या. उन्हाळ्यात रानात आली की माझं धोतर सोडायची न्हाई. पाय आत गेला म्हंजी, म्हणायची. आन मी तिला हितंच ठिवलो."

बाजूला शेणखत आणि भुसा कालवलेल्या मातीची घमेली होती. सगळ्या बाटल्यांत याच मातीनं जास्त पाणी धरलं होतं. आम्ही दोघांनी ती भेगेत भरली, पाणी ओतलं, वर पाचट पसरलं. अण्णा जमिनीला कान लावून थांबले. मी उठायला लागले.

"लगीच जाऊ नको, सुमा," ते म्हणाले. "बस जरा. दोघं हाव म्हटल्यावर तिला धीर येतोय."