नऊ वर्षांची सरळ रेघ

टपालातून आलेला तो जाडजूड अहवाल हेडमास्तरांनी टेबलावर ठेवला आणि आधी जाऊन हात धुऊन आले. वस्तूच तशी होती हो! गुळगुळीत कागद, रंगीत नकाशा, प्रत्येक शाळेला एक अख्खं पान. आजवर जिल्ह्याचा शाळा-अहवाल म्हणजे पुसट झेरॉक्स. तो कोणी वाचत नाही, हे हेडमास्तरांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ते दरवर्षी मागच्या वर्षीचाच तक्ता काढत, तारीख बदलत आणि सही ठोकून मोकळे होत. यंदा मात्र जिल्ह्याने अहवाल तयार करायचं काम त्यातल्या जाणकार मंडळींना दिलं होतं.

त्यांनी आपल्या शाळेचं पान उघडलं. "वा! काय आलेख काढलाय!" नऊ वर्षांचा निकाल, निळ्याशार रंगात. रेघ डावीकडून निघाली ती उजवीकडे पोचेपर्यंत तसूभर हलली नव्हती. खाली लाल चौकट: 'नऊ वर्षांत प्रगती शून्य. शेजारच्या शाळेत विलीन करावी.'

हेडमास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं.

गणिताच्या बाई मागे येऊन कधी उभ्या राहिल्या, कळलंच नाही. "एकतीस टक्के? अहो सर, यंदा ब्याण्णव लागलाय! मी काय नऊ वर्षं इथे नुसता फळा पुसत होते?"

"चुकलं माझं, बाई. खरे आकडे आहेत का कुठे?"

"माझ्या वहीत आहेत. तुम्ही कधी मागितलेच नाहीत."

बाईंनी त्याच आलेखावर पेन्सिलीने खरे आकडे मांडले. रेघ निघाली ती वर वर चढतच गेली. हेडमास्तर आ वासून बघत राहिले. दरवर्षीचा निकाल त्यांनी ऐकला होता, पण सगळे असे एका रेघेत कधी पाहिले नव्हते. केवढं काम करून ठेवलंय या बाईने! त्यांना भरून आलं, आणि स्वतःची लाजही वाटली.

दुपारी दोघं जिल्ह्याच्या साहेबांपुढे उभे होते.

"साहेब, आमच्या पानावरचे आकडे खोटे आहेत."

"खोटे? म्हणजे शाळा याहूनही वाईट?"

"नाही साहेब, चांगली! फार चांगली!"

"नऊ वर्षं खोटे आकडे?" साहेब कडाडले. "नोकरी जाईल, मास्तर! कळतंय का?"

"जाऊ दे, साहेब. शाळा तेवढी राहू द्या."

साहेबांनी तावातावाने पान उलटलं. कोणी काय तपासलं, तेही जाणकारांनी मागच्या बाजूला ठळक छापलं होतं. ओळी नऊ, शेरा एकच: 'शाळेस प्रत्यक्ष भेट देऊन आकडे तपासले. बरोबर आहेत.' आणि प्रत्येक ओळीपुढे साहेबांची झोकदार सही.

साहेबांनी अहवाल अलगद मिटला. उठून केबिनचं दार लावलं. बाईंना स्वतः खुर्ची ओढून दिली.

"विलीनीकरण रद्द," ते आवाज खाली आणून म्हणाले. "अहवालाची दुरुस्ती छापून घेऊ. उद्या सकाळी मी जातीने येऊन खरे आकडे तपासतो."

"या ना साहेब, अवश्य या!"

"येतोच." साहेबांनी एक कोरा कागद पुढे सरकवला. "फक्त एवढं करा, मास्तर... शाळा नेमकी आहे कुठे, ते जरा काढून दाखवा."