गुबऱ्याचे दात आणि राजवाड्याची रीत

एका जंगलात, मुलांनो, वाघाचं राज्य होतं. गोष्टीत नेहमी सिंह असतो, हे मला माहीत आहे. पण आमच्या डोंगरात सिंह नाहीत, आणि मूर्खपणा करायला वाघही पुरतो. या वाघाचं नाव पंजेराव महाराज. ते एका गुहेत राहत. गुहेला गुहा म्हटलेलं त्यांना खपत नसे, म्हणून आपणही तिला राजवाडाच म्हणू.

या राजवाड्याची एक रीत होती. काहीही झालं तरी तिथे कुणी ‘आई गं’ म्हणायचं नाही.

झालं होतं असं, की महाराजांच्या पणजोबांच्या पंजात एकदा बाभळीचा काटा मोडला. पणजोबा मोठ्यानं कण्हले. ते माकडांनी ऐकलं, आणि पुढे कितीतरी वर्षं झाडाझाडावर त्या कण्हण्याच्या नकला चालल्या. तेव्हापासून ठरलं की वाघाच्या घरात कुणाला दुखत नाही. दुखलंच तर हसायचं. खरं तर काटा काढून टाकला असता तरी चाललं असतं, पण ते कुणाला सुचलं नाही.

महाराजांना एक मुलगी होती, येसू. तिच्याशी खेळायला कुणी नव्हतं. सशांची आणि हरणांची पोरं बोलावलं की यायची, पण ती घरी परत जातीलच याची खात्री नसायची. मग त्यांच्या आया काहीतरी कारण काढून त्यांना पाठवेनाशा झाल्या.

एके दिवशी ओढ्याकाठी येसूला कुत्र्याचं पिल्लू सापडलं. गावाकडून वाट चुकून आलेलं, तांबूस, पोटानं गुबगुबीत. येसूनं त्याला मानेला धरून अलगद घरी आणलं आणि नाव ठेवलं गुबऱ्या.

राणीसाहेबांनी नाक मुरडलं. पण दिवाणजी कोल्हे पुढे होऊन म्हणाले, “राहू द्या, राणीसाहेब. वाघाच्या दारात कुत्रा शोभून दिसतो.”

झालं, गुबऱ्या राहिला.

आता कुत्र्याचं पिल्लू म्हटलं की ते चावणारच. त्याच्या हिरड्या शिवशिवतात. भावंडांत वाढलं असतं, तर त्यानं एखाद्याला कडकडून चावलं असतं, ते केकाटून खेळ सोडून गेलं असतं, आणि एकट्यानं बसून याला कळलं असतं की दात जरा बेतानं वापरावेत. एवढंच असतं ते. पण गुबऱ्याला भावंडं नव्हती. त्याला येसू होती.

पहिल्याच दिवशी तो तिच्या कानाला चावला.

“आई गं!” येसू ओरडली आणि पाठ फिरवून बसली.

गुबऱ्या गोंधळला. खेळ का थांबला? त्यानं कान पाडले, सरपटत जवळ आला आणि तिचा कान चाटला. थोड्या वेळानं खेळ पुन्हा सुरू झाला, तेव्हा त्यानं तोच कान धरला, पण अगदी हलके.

शहाण्यांचं राज्य असतं तर आपली गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्ही झोपला असता. पण ते ‘आई गं’ राणीसाहेबांनी ऐकलं.

“येसू! काय म्हणालीस तू?”

“आईसाहेब, दुखलं मला.”

“वाघाच्या मुलीला दुखत नाही.”

“पण त्याला कळायला नको का?”

“त्याला काय कळायचंय? कुत्रा तो. शिकायचं तर तू शीक.”

आणि येसूला शिकवायला गुरुजी नेमले. हे गुरुजी म्हणजे साळिंदर, काटेशास्त्री. चावा हसतमुखानं कसा सोसावा, यावर त्यांचा जंगलात मोठा अधिकार होता. सगळा दरबारच शिकवणीला बसला.

“चावा बसला की ओठ दोन्हीकडे ओढावेत,” काटेशास्त्री सांगत. “डोळ्यांत पाणी आलं तर ते कौतुकाचं समजावं.”

एका भेकरानं भीत भीत विचारलं, “गुरुजी, तुम्हाला कधी कुणी चावलंय का हो?”

“मला?” काटेशास्त्र्यांनी अंगावरचे काटे खळखळवले. “कुणाची हिंमत आहे? म्हणून तर मी इतका शांतपणे शिकवू शकतो.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. भेकरानंही डोलावली. मला या लोकांचा फार राग येतो, मुलांनो, पण गोष्ट सांगायची म्हणजे त्यांना घ्यावंच लागतं.

शिकवणी छान झाली. गुबऱ्यानं दिवाणजींची शेपूट धरली, तेव्हा दिवाणजी म्हणाले, “वा! काय पकड आहे!” भेकराची तंगडी फोडली, तेव्हा भेकर लंगडत हसलं आणि म्हणालं, “लहान आहे अजून.” पुढेपुढे तर चावा हा मान झाला. ज्यांना गुबऱ्या चावला नव्हता, त्यांना वाटू लागलं की महाराजांची आपल्यावर मर्जी नाही. रानडुक्कर सकाळी येऊन मुद्दाम त्याच्यासमोर पाय पसरून बसे. चावला नाही, तर दिवसभर तोंड पाडून हिंडे.

आता तुम्हीच सांगा, गुबऱ्यानं काय समजावं? तो चावे आणि सगळे हसत. जोरात चावे आणि जास्त हसत. त्याला वाटलं, आपले दात या लोकांना फार आवडतात. त्याचे दुधाचे दात पडले, नवे आले, चांगले अणकुचीदार आले, आणि तेही तो सगळ्यांना मनापासून देऊ लागला.

आसपास कुणी नसलं की येसू त्याच्या कानाशी म्हणे, “हळू रे, गुबऱ्या.” पण तोवर तिला सवय लागली होती. म्हणताना ती हसत असे. आणि कुत्रं शब्द ऐकत नाही, चेहरा बघतं.

मग एकदा पलीकडच्या खोऱ्यातले अस्वलराजे पाहुणे आले. दरबार भरला. नवं कुणी दिसताच गुबऱ्याला आनंदाचं भरतं आलं. तो धावत गेला आणि आपल्याजवळचं सगळ्यात चांगलं जे होतं, ते त्यानं पाहुण्यांच्या पोटरीला दिलं.

“आई आई गं! मेलो! सोड, सोड की मेल्या!”

दरबार थिजला. येसूच्या त्या पहिल्या दिवसानंतर तिथे तो शब्द उमटला नव्हता.

गुबऱ्यानं तोंड उघडलं आणि पोटरी सोडली. तो मागे सरला. त्याचे कान पडले. त्यानं एकदा जखमेकडे पाहिलं, एकदा अस्वलाच्या तोंडाकडे, आणि मग सरपटत पुढे येऊन जखम चाटू लागला.

अस्वलराजे पोटरी चोळत खाली बसले. “अरं, गुणाचं हाय की हे! दुखतंय म्हटल्याबरोबर सोडलं. याला आजवर कुनी सांगितलंच न्हाई व्हय?”

अस्वलराजांनी सगळीकडे नजर फिरवली. कुणाचा कान फाटलेला, कुणाची शेपूट अर्धी, आणि झाडून सगळे हसताहेत.

“तुमा समद्यास्नी चावलंय? आन् तुमी हसताय?”

दिवाणजींनी घसा साफ केला. “चावण्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही. पण याच्यामुळे राजवाड्यात तो शब्द उच्चारला गेला. रीत मोडली.”

पंजेराव महाराजांनी मिशांवरून पंजा फिरवला आणि निकाल दिला. गुबऱ्याला बिबट्यांच्या कड्याखाली नेऊन सोडावं.

बिबट्यांना कुत्रा फार आवडतो, मुलांनो. कसा आवडतो, ते आता झोपायच्या वेळी आईला विचारू नका.

“मला द्या की त्याला,” अस्वलराजे म्हणाले. “आता न्हाई चावायचा तो.”

“छे, छे!” दिवाणजी कळवळून म्हणाले. “पाहुण्यांना खोडीचं जनावर दिलं, तर आमची अब्रू काय राहील?”

दोन तरस पुढे आले. एकानं धरायला पंजा पुढे केला, तो गुबऱ्यानं तोंडात घेतला. पण अगदी हलके. मग जपून सोडून दिला. हे सगळ्यांनी पाहिलं.

जाता जाता गुबऱ्या थांबला आणि मागे वळून त्यानं येसूकडे पाहिलं. हे काय चाललंय ते त्याला कळत नव्हतं. बरं आहे की वाईट, ते तो तिच्या चेहऱ्यावर शोधत होता.

येसूच्या घशात तो शब्द आला होता. तिनं तोंडही उघडलं. राणीसाहेबांनी हळूच तिच्या पाठीवर पंजा ठेवला. आणि येसूचे ओठ, शिकवले होते तसे, दोन्हीकडे ओढले गेले.

ती हसतेय म्हटल्यावर गुबऱ्यानं शेपूट हलवली आणि तरसांच्या पुढे उड्या मारत तो कड्याच्या वाटेला लागला.

काटेशास्त्री येसूजवळ आले, तिचे डोळे निरखून पाहिले आणि समाधानानं म्हणाले, “उत्तम. एक थेंबसुद्धा नाही.”

तात्पर्य: चावू नये हे पिल्लाला शिकवायला एक ‘आई गं’ पुरतं. एवढ्या स्वस्तात काम होत असेल, तर राज्य करणाऱ्यांची आणि गुरुजींची गरज काय उरली? म्हणून चावणाऱ्याला कधी काही सांगू नये, चावून घेणाऱ्यांना हसायला शिकवावं. पिल्लू काय, दुसरं मिळतं. राजवाड्यासाठी ते शोधणं सुरूच आहे. गुबगुबीत असलेलं बरं.