धपाट्याचा रकाना

मी फोडणी घातली की शेळके सर घड्याळ बघतात आणि कॉम्प्युटरकडं पळतात. उस्मानपुऱ्यात त्यांच्याकडं मी स्वयंपाकाला जाते. सर कॉलेजात गणित शिकवायचे. आता रिटायर झालेत, एकटेच असतात.

“मंगलबाई, वांग्याला किमान किती मिनिटं? कमाल किती? गॅस किती?”

सगळं कॉम्प्युटरात भरतात आणि आज काय करायचं ते त्यालाच विचारतात. कोशिंबिरीच्या गॅसची जागा मात्र रिकामी. “शून्य साठवायचं नसतं, मंगलबाई. उगीच जागा अडते.”

माझी शाळा चौथीपर्यंत. पण मिनिटं मोजणारा माणूस एक दिवस कामावरून काढतो, एवढं मला कळतं. काम कमी दिसू नये म्हणून मी प्रत्येक पदार्थाला दहा मिनिटं वाढवून सांगायला लागले. तर कॉम्प्युटरनं चार दिवस नुसती खिचडीच सांगितली.

“काहीतरी चुकतंय,” सर माझ्याकडं बघत म्हणाले. मी कोथिंबीर निवडत बसले.

पाचव्या दिवशी सर फोनवर कुणाला तरी सांगत होते, “मंगलबाईंना काढून बघितलं.” माझे हात कणकेतच थांबले. मी कधी कुणाला उलटून बोलत नाही. पण सरांनी फोन ठेवल्याबरोबर मी म्हणाले, “काढायचं आसंल तर तोंडावर सांगा, सर.”

“अहो, तुमची रांग काढली!” सरांनी कॉम्प्युटरचा पडदा माझ्याकडं फिरवला. “हे उभे रकाने म्हणजे पदार्थ. आडव्या रांगा म्हणजे बंधनं. पीठ, गॅस, तुमचा वेळ. तुमची रांग काढली, तर हे म्हणतं रोज पुरणपोळी करा. करणार कोण, ते त्याला कळतच नाय!”

मला हसू आलं. मग शेवटच्या रकान्यावर नजर गेली. वर लिहिलं होतं, धपाटे. खाली नुसती शून्यं. धपाट्याची मिनिटं त्यांनी मला कधी विचारलीच नव्हती.

“शून्य साठवायचं नसतं ना, सर?”

सर पडद्याकडं बघत म्हणाले, “मुक्ताला आवडायचे.”

मुक्ता त्यांची लेक. भांडून गेली, ती मी कामाला लागल्यापासून एकदाही आलेली नाही.

“रकाना पुसला की तो पदार्थ उत्तरात कधीच येत नाय,” सर म्हणाले. “शून्य ठेवला, तर कधीतरी येऊ शकतो.”

मी ओट्याकडं वळले.

“चार धपाट्यांना वीस मिनिटं लागत्यात, सर,” मी म्हणाले. “लिहून घ्या. खरी सांगते.”