अण्णांचा कान

आमच्या गल्लीतून कुणाचीही गाडी अण्णांनी कान लावल्याशिवाय बाहेर पडत नाही. स्कूटर असो की रिक्षा, अण्णा हात आडवा धरतात, कानडी वळणानं "स्वल्प थांबा" म्हणतात आणि वाकून, डोळे मिटून इंजिन ऐकतात. मग "सरी, निघा," म्हणजे ठीक आहे, जा. माझ्या मिक्सरलाही त्यांनी एकदा कान लावला होता. त्या दिवशी आम्ही चटणीशिवाय इडल्या खाल्ल्या.

अण्णांचं चिकपेटेत भांड्यांचं दुकान. पण रविवारी ते हेब्बाळच्या पलीकडच्या मैदानावर इंजिनाचं ग्लायडर उडवायला जायचे. लांब पंखांचं हलकं विमान ते. वर गेलं की इंजिन बंद करून घारीसारखं तरंगायचं. अण्णा म्हणायचे, "वर बंद पडलं तर मजा, खाली बंद पडलं तर पंचाईत."

ती पंचाईत दोनदा झाली. पहिल्यांदा विमान नारळाच्या झाडाएवढं वर गेलं आणि इंजिन खोकून गप्प झालं. पेट्रोलमध्ये कचरा होता म्हणे. अण्णा समोरच्या नाचणीच्या शेतात उतरले. शेतकऱ्यानं त्यांना ताक दिलं आणि रस्ता चुकलात का म्हणून विचारलं. दुसऱ्यांदाही इंजिन तसंच अडलं. शेत तेच, शेतकरीही तोच. या खेपेला ताक तयारच होतं, असं अण्णा सांगतात.

पण त्या दिवशी डबा घेऊन गेलेली सुमन, त्यांची एकुलती एक आईवेगळी पोर, शेतातून अनवाणी धावत आली. तिचा चेहरा पाहून अण्णांनी उडणं सोडलं. कान लावणं तेव्हापासूनचं.

आणि एक नियमही त्यांच्याबरोबर घरी आला. उड्डाण घेतानाच इंजिन बंद पडलं तर मैदानाकडे मागं वळायचं नाही. वळलं की विमान कोसळतं. नाक खाली करायचं आणि समोर उतरायचं. सुमनच्या लग्नात मंगलाष्टकं म्हणताना भटजी मध्येच अडले, तर अण्णा हळूच म्हणाले, "मागं जाऊ नका. समोर उतरा." मी पदर तोंडाला लावून हसले.

खरं तर सुमन लग्नाला तयारच नव्हती. अण्णांना एकटं टाकून हुबळीला कशी जाऊ, म्हणायची. तिलाही त्यांनी तोच नियम ऐकवला होता.

पाठवणीची टॅक्सी दारात आली, सुमन आत बसली. अण्णांनी कान लावला. "आवाज बरोबर नाही." ड्रायव्हर म्हणाला, गाडी नवी आहे. अण्णांनी पुन्हा ऐकलं. "स्वल्प थांबा." तिसऱ्यांदा वाकले, तेव्हा नवरदेव घड्याळ बघायला लागला. आम्हा बायकांना इंजिनातलं काय कळणार, पण ती गाडी मांजरासारखी गुरगुरत होती.

सुमन खाली उतरली. शालू खोचला आणि म्हणाली, "अण्णा, मी कॉफी ठेवते. तोवर तुम्ही नीट ऐका."

मग वऱ्हाडासकट सगळे आत आले. सुमननं स्वतः कॉफी केली, अण्णांना दोनदा दिली. सासरचे हसायला लागले, ड्रायव्हरनंही लाडू खाल्ला. कप रिकामा झाल्यावर अण्णा उठले, बाहेर गेले, वाकले.

"सरी. निघा."

टॅक्सी कोपऱ्यावर वळून दिसेनाशी झाली. बाकीचे घरात गेले. अण्णा मान तिरकी करून रस्त्यातच उभे होते. मी सहसा त्यांच्याशी बोलत नाही, पण त्या दिवशी विचारलं, "अण्णा, ऐकू येतंय अजून?"

"येतंय, अक्का," ते म्हणाले. "छान चाललीय."

मला तर काहीच ऐकू येत नव्हतं. तरी मीही त्यांच्याशेजारी थोडा वेळ ऐकत उभी राहिले.