जावळ आणि टाइम मशीन

मंजुषा गॅरेजवरून घरी आली तेव्हा दहा महिन्यांची राजनंदिनी पाळण्यात बसून खुळखुळा चघळत होती. तिचं डोकं गुळगुळीत होतं. सकाळी निघताना त्याच डोक्यावरचं कानापर्यंत आलेलं कुरळं जावळ मंजुषानं स्वतः विंचरलं होतं.

"आत्याबाई! हे काय केलं?"

"काय म्हंजी? जावळ काढलं," सासूबाई, छबुबाई, शांतपणे म्हणाल्या. "तुझा भाऊ आलता केजला. मामाच्या मांडीवर बसवायचं तर मामा नगं का? परत त्याला कवा सुट्टी मिळायची?"

"पण तिचा अर्धा सीन राह्यलाय!"

"मग? केस गेलेत, पोरगी हाय की."

मंजुषानं लेकीला उचललं आणि त्या नव्याकोऱ्या डोक्यावर ओठ टेकवले. हळदीचा आणि खोबरेल तेलाचा वास आला. वास फार गोड होता. सिनेमा मात्र बुडाला होता.

सिनेमाचं नाव होतं 'कालची जीप'. लिहिणारी आणि तुकडे जोडणारी मंजुषा. कॅमेरा तिच्या नवऱ्याचा, प्रविणचा. एरवी तो लग्नं शूट करायचा. धाकटा दीर सुरज हिरो. गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेला शहेबाज व्हिलन, आणि भंगारातल्या काळ्या-पिवळ्या जीपचं टाइम मशीनही त्यानंच ठोकून दिलेलं. मागच्या दारानं आत शिरायचं, धूर निघायचा, पुढच्या दारानं भलत्याच सालात उतरायचं. व्हिलन मागच्या काळात जाऊन तान्ह्या हिरोलाच पळवतो, अशी गोष्ट होती. तान्हा हिरो म्हणजे राजनंदिनी. मुलगी असून मुलाचं काम करावं लागतंय याबद्दल तिची काही तक्रार नव्हती.

पोर झोपली की मंजुषाचा सिनेमा जागा व्हायचा. एका हातानं थोपटायचं, दुसऱ्या हातानं लॅपटॉप. सासऱ्यांनी, आप्पांनी, एकच अट घातली होती. "मंगल कार्यालयात एकदा लावा. एक जरी माणूस मधूनच उठून गेला, तर पुना ह्या घरात पिक्चरचं नाव काढायचं न्हाई." केजचं पब्लिक नवरदेवाच्या वरातीतूनही मधूनच उठून जातं, हे आप्पांना पक्कं ठाऊक होतं.

संध्याकाळी गॅरेजात सगळे जमले.

"शहेबाजभाई पाळण्यातून उचलतेत तवा पोरीला केस हायेत," प्रविण कपाळाला हात लावून म्हणाला. "भाईर येतेत तवा टक्कल. उंबऱ्यात कुणी वस्तरा घेऊन बसलंय का?"

"टोपी घालू की," सुरज म्हणाला.

टोपी घालून पाहिली. राजनंदिनीनं ती काढली, चावली आणि ग्रीसच्या डब्यात टाकली.

मंजुषा लेकीला मांडीवर घेऊन विचार करत राहिली. मग एकदम म्हणाली, "भाई पोरीला घेऊन जीपमधी घुसतेत. उतरतेत तवा ती टकली. मशीनमधून जो जाईल त्याचे केस जातेत. नियमच हाय तसा!"

"मग भाई पह्यल्यांदा आला तवा त्याचे कावून गेले न्हाईत?" प्रविणनं विचारलं.

शहेबाज मिस्त्री होता. त्याला हे लगेच पटलं. "तवा मशीन थंड हुतं. दुसऱ्या फेरीला तापतंय. इंजनाचं असंच ऱ्हातंय."

सगळे खूश झाले. तेवढ्यात शहेबाजचा हात हळूहळू स्वतःच्या मानेपर्यंत आलेल्या केसांकडे गेला. "म्हंजी… दुसऱ्या फेरीला मीबी आतच हाय की."

सुरज दाराकडे सरकू लागला.

"भावजी, कुठं निघालात?" मंजुषा म्हणाली. "भाईच्या मागं पळत तुमीबी तापलेल्या मशीनमधीच शिरताय."

"वैनी, पुढल्या आठवड्यात पोरगी बघायला जायचंय मला!"

"तिलाबी कळूद्या, कलाकार हाय म्हणून."

दोन्ही डोकी साफ झाली. सीन झकास झाला. दुसऱ्या दिवशी सुरज एसटी स्टँडवर चहा पीत उभा असताना पाटोद्याच्या गाडीतून एका पाहुण्यानं त्याला पाहिलं आणि तोंडातल्या तोंडात "अरेरे" म्हणत मोबाईल काढला.

त्याच्या पुढच्या सकाळी दारात पाहुण्यांनी भरलेली जीप थांबली. आप्पांची बहीण गीताबाई "आप्पा रं माझ्या!" असा टाहो फोडत उतरल्या, ओट्यावर चहा पीत बसलेल्या आप्पांना ओलांडून घरात गेल्या, आणि तशाच पावली मागं आल्या.

आप्पांनी बशी खाली ठेवली. "काय झालं गं? कोण गेलं?"

"तू!"

"मी? कवा?"

"सुरजनं केस काढलेत ना!"

"थोरल्यानं ठेवले अन् बारक्यानं काढले," मागून एक पाहुणा हळू आवाजात म्हणाला, "तवाच मला वाटलं, भावाभावात कायतरी बिनसलंय."

तिकडे गॅरेजात शहेबाजचं टक्कल बघून फळवाल्या पाशाचाचांनी त्याला मिठी मारली होती. "मुबारक हो बेटा! मक्केला उमऱ्याला जाऊन आलास, केस देऊन आलास, सांगितलं बी न्हाई? खजूर कुठंय?"

"चाचा, परवा तर तुमच्याच गाड्यावरून केळी नेली मी!"

"तेच म्हनतो. एवढ्या लौकर कसं जाऊन आलास?"

दुपारपर्यंत सगळी गल्ली गळाभेटीला येऊन गेली. समजावून समजावून थकलेल्या शहेबाजनं शेवटी पाशाचाचांच्याच गाड्यावरून खजूर घेतले आणि "पिक्चरचे हायेत, पिक्चरचे" म्हणत पाशाचाचांनाच दिले.

आप्पा मात्र तापलेल्या मशीनसारखे झाले होते. "माझ्या डोळ्यादेखत मला रडायला मानसं आली! रविवारी लावा पिक्चर. ह्या समद्या पाहुण्यांनाबी बसवा. बघूच कोण शेवटपर्यंत बसतंय."

"रडायला आलतो," पाहुणे म्हणाले, "आता पिक्चर तर पिक्चर."

रविवारी मंगल कार्यालय भरलं. मंजुषा राजनंदिनीला कडेवर घेऊन मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. आप्पा पहिल्या रांगेत, पण पडद्याकडे कमी आणि मागे वळून जास्त बघत होते.

पहिली आरोळी लगेच आली. "आरं, मागचा काळ हाय तर मोबाईलचा टॉवर कुठून आला बे?"

"हिरोच्या हातातल्या घड्याळात चार, भिंतीवरच्यात दहा!"

"हे तान्हं पोर हिरो हाय ना? मग कानात डूल कावून?"

मंजुषाला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण लेकीसकट आत जावं. प्रत्येक आरोळीला ती खुर्च्यांकडे बघायची. पण उठत कुणीच नव्हतं. पुढची चूक आपल्याआधी शेजाऱ्याला सापडू नये म्हणून माणसं खुर्चीच्या टोकावर आली होती. एकाचा फोन वाजला, तर तो कुजबुजला, "आत्ता न्हाई, लई महत्त्वाचं चाललंय." शहेबाज आणि सुरज टकले होऊन जीपमधून उतरले तेव्हा तर टाळ्या पडल्या. "मशीन तापलंय! बरूबर हाय!" एक मेकॅनिक ओरडला.

आणि मग तो सीन आला. हिरोची आजी, म्हणजे छबुबाई, नातवाला सोडवायला पदर खोचून जीपमध्ये शिरली. धूर निघाला. पलीकडून आजी उतरली ती भरगच्च अंबाड्यासकट. अंबाड्यावर अबोलीचा गजराही होता. हा सीन जावळाच्या आधीच शूट झाला होता आणि नियम नंतर आला होता. मंजुषाच्या ते आत्ता, या क्षणी लक्षात आलं.

"थांबवा!" गीताबाई कडाडल्या. प्रविणनं घाबरून खरंच थांबवलं. पडद्यावर अंबाडा तसाच राहिला. "मशीन तापलंय ना? मग वहिनीचे केस कावून गेले न्हाईत?"

साऱ्या माना मंजुषाकडे वळल्या. कुणीतरी खुर्ची मागे सरकवल्याचा आवाज आला. मंजुषानं डोळे मिटले.

उभे राहिले होते आप्पा.

"गीते," ते म्हणाले, "मी हिच्याबरूबर जन्म काढला. हिच्या केसाला धक्का लावायची माझी कवा हिंमत झाली न्हाई. मशिनीची काय होतीय?"

हॉल असा हसला की पत्रे वाजले. शिट्ट्या झाल्या. छबुबाईंनी पदरात तोंड लपवलं आणि आतून आवाज आला, "बसा की आता खाली!" आप्पा लगेच बसले. त्याबरोबर आणखी एकदा टाळ्या पडल्या.

सिनेमा संपला तरी कुणी उठेना. दोन चुकांवरून वाद पेटला होता आणि पुरावा बघायला पिक्चर परत लावा म्हणून सगळे अडून बसले होते. प्रविणनं परत लावला.

अंधारात आप्पा मागच्या भिंतीपाशी आले. शहेबाज हसत म्हणाला, "आप्पा, आख्ख्या हॉलात मधून उठलात ते एकटे तुमीच."

"उठलो. गेलो का?" आप्पा गुरकावले. मग सुनेकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "मंजू, पुढल्या पिक्चरात मला घे."

"आप्पा, मशीनमधून जावं लागंल."

आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं आणि डोक्यावरची पांढरी टोपी उचलली. पडद्याच्या उजेडात त्यांचं डोकं लखलखलं.

"कितीबी येळा घाल."