शांत घराचं बक्षीस

आवाज न चढवता अख्खी वसाहत गप्प करता येते, हे मी छातीठोकपणे सांगते. करून दाखवलंय मी! पुढे जे झालं ते झालं, पण गप्प केली होती एवढं आधी मान्य करा.

माझी मुलगी नऊ महिन्यांची. दुपारी झोपत नाही. म्हणजे झोपते, पण दूध उतू जायला लागतो तेवढाच वेळ. मी शेजारी तिच्या श्वासाला कान लावून बसलेली. (हसू नका. कुठल्याही पहिलटकरणीला विचारा.) तिचे डोळे मिटतात न मिटतात तोच माझ्या डोक्यावर सुरू होतं, घर्रर्र! वरच्या मजल्यावरचे निवृत्त गणिताचे मास्तर टेबल ओढतात. उजेड हवा म्हणून खिडकीशी, ऊन आलं म्हणून भिंतीशी, वारा हवा म्हणून दाराशी. सगळे त्यांना टेबलकाकाच म्हणतात. मी त्यांना टेबलाच्या पायांना घालायच्या रबरी टोप्या नेऊन दिल्या. "वा वा, कामाला येतील," म्हणाले आणि खणात ठेवून दिल्या! शेजारी गाण्याच्या बाई. त्यांचा एकेक शिष्य म्हणजे शेपटीवर पाय पडलेलं मांजर.

"तक्रार कर ना संघाकडे," नवरा म्हणाला. सल्ला द्यायला याचं काय जातं!

गेले की रहिवासी संघाच्या सभेला, मुलीला खांद्यावर टाकून. पण तिथे गाड्या लावायच्या जागेवरून असा गदारोळ, की माझी तक्रार म्हणजे वरातीत शिट्टी. फाटकाजवळच्या झाडाखाली एकच सावलीची जागा आहे, ती प्रत्येकाला हवी. त्या आरडाओरड्यात दोनच जीव गाढ झोपले होते. एक माझी मुलगी आणि दुसरे संघाचे अध्यक्ष.

आणि तिथेच माझी ट्यूब पेटली! संघाचं मासिक वार्तापत्र लिहिते कोण? मी! 'मंगळवारी पाणी येणार नाही', 'जिन्यात सायकली ठेवू नयेत', असल्या सनसनाटी बातम्या माझ्याच लेखणीतून उतरतात. त्या महिन्यात मी मधोमध एक चौकट टाकली:

'शांत घर स्पर्धा! ज्या घरातून दुपारी जराही आवाज येणार नाही, त्या घराला झाडाखालची सावलीची जागा वर्षभर बक्षीस. परीक्षण कधीही, अचानक.'

"हे कधी ठरलं?" नवऱ्याने विचारलं.

"सभेत."

"मी होतो की सभेत!"

"तू मोबाइलमध्ये होतास."

अध्यक्ष भेटले जिन्यात. हातात वार्तापत्र. मला वाटलं, आता भांडं फुटणार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "ती स्पर्धा... माझ्याच आग्रहावरून ठेवली, बरं का." आपण सभेत झोपलो होतो असं कुठला अध्यक्ष कबूल करील?

आणि काय सांगू तुम्हाला, वसाहतीची वाचाच बसली! लोक दारं अशी लावायला लागले, जणू आत बॉम्ब ठेवलाय. कुकरच्या शिट्ट्या दुपारच्या आत उरकल्या जाऊ लागल्या. गाण्याच्या बाई शिष्यांना नुसता आ करून गायला लावत. खिडकीतून पाहिलं तर सगळा वर्ग दातांच्या डॉक्टरकडे बसल्यासारखा. जिन्यात एकाला शिंक आली, तर तो नाक दाबून फाटकाबाहेर पळाला आणि तिथे जाऊन शिंकला. शेजारी शेजाऱ्यावर पाळत ठेवून! "तुमच्या घरातून काल चमचा पडल्याचा आवाज आला हं," अशी कुजबुज. आणि वर? वर काहीच नाही. टेबलकाकांनी माझ्या रबरी टोप्या खणातून काढून टेबलाला चढवल्या होत्या!

मी विजयी मुद्रेने मुलीला पाळण्यात ठेवलं. अंगाई म्हटली. शांतता अशी, की घड्याळालाही लाज वाटावी.

तिने डोळे उघडले. छताकडे पाहिलं. वाट पाहिली. पुन्हा पाहिलं. आणि मग जो भोंगा लावला, की अग्निशमन दलानेही शिकवणी लावावी!

पहिल्या दिवशी वाटलं, पोट दुखत असेल. दुसऱ्या दिवशी दात. तिसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंकडे. त्यांनी तिला तपासलं, मग माझ्याकडे निरखून पाहिलं आणि औषध मलाच लिहून दिलं! आता मुलगी अजिबात म्हणजे अजिबात झोपेना. पूर्वी निदान दूध उतू जाईपर्यंत तरी झोपायची! माझे डोळे घुबडासारखे झाले. त्यात अख्ख्या वसाहतीत एकच आवाज, आमचा! दारावर टकटक नाही, नुसतं बोट घासल्यासारखं. उघडलं तर गाण्याच्या बाई. कुजबुजत म्हणाल्या, "अहो, जरा गप्प करा ना तिला. भिंत एकच आहे आपली. आवाज माझ्या नावावर जायचा."

नवरा घरूनच काम करतो. शेवटी तोच वैतागून म्हणाला, "सभेत कशी झोपली होती गं ही? एवढ्या बोंबाबोंबीत?"

मी त्याच्याकडे पाहिलं. मग छताकडे पाहिलं. आणि धावत वर गेले.

"काका, एक उपकार करा. टेबल ओढा."

काका खुर्चीत हाताची घडी घालून बसले होते. ओठ न हलवता म्हणाले, "वेड लागलंय का पोरी? सावलीची जागा हातची जाईल!"

"पण काका, तुमच्याकडे गाडी कुठाय?"

"खुर्ची आहे ना!"

"थोडंसंच हो. खिडकीपर्यंत."

"मी बोटही लावणार नाही. तुला ओढायचं तर ओढ. आवाज तुझ्या खाती."

काय करणार! टेबलाखाली शिरले. स्वतःच्या पैशांनी आणलेल्या चारही टोप्या स्वतःच्या हातांनी उपटल्या आणि टेबल ओढलं. घर्रर्र! इतका गोड आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. खालून नवऱ्याचा फोन. "रडणं थांबलं! चालू ठेव!" खिडकीपर्यंत गेले, थांबले. "अगं थांबू नकोस, डोळे उघडले तिने!" परत भिंतीशी. तिथून दाराशी. पदर खोचला, घाम निथळतोय. "झोपतेय, झोपतेय," नवरा फोनवर क्रिकेटची कॉमेंट्री केल्यासारखा.

माझा घर्रर्र ऐकून गाण्याच्या बाईंचा धीर सुटला. इतके दिवस कोंडलेली तान त्यांनी अशी सोडली, की कबुतरं उडाली! मग कुणाचा तरी कुकर शिट्टी फुंकता झाला. कुणी दार आपटलं, केवळ हौसेने. पुढच्या क्षणाला अख्खी वसाहत दणाणत होती, आणि माझी लेक खाली घोरत होती!

नेमके त्याच वेळी अध्यक्ष दारात. 'परीक्षण कधीही, अचानक' हे मीच लिहिलं होतं ना!

"हे काय चाललंय?"

मी टेबलाला धरून उभी. केस विस्कटलेले. "टेबल... सरकवतेय."

"दुसऱ्याच्या घरातलं?"

काका खुर्चीतून हलले नाहीत. नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं आणि मग तेच बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

अध्यक्षांनी घरोघर कान लावला. सगळीकडे गलका. अख्ख्या वसाहतीत तोंडातून ब्र न काढलेला माणूस एकच! आता स्पर्धा खोटी होती असं सांगावं, तर वार्तापत्र माझं. गप्प बसावं, तर जागा काकांची. मी गप्प बसले. पुढच्या अंकात निकालही मीच छापला, ठळक अक्षरांत.

काका आता रोज दुपारी झाडाखाली खुर्ची टाकून पाय पसरून बसतात. घराची किल्ली माझ्याकडे देऊन ठेवलीय. मी वर जाते, पदर खोचते आणि टेबल ओढते. खिडकीशी, भिंतीशी, दाराशी.

किल्ली देताना एवढंच बजावलं त्यांनी. म्हणाले, "आवाज जरा बेताने कर हं पोरी. ती माझी झोपायची वेळ असते!"