धोंडोपंतांनी गाणं ऐकलं त्याची गोष्ट

एका जंगलात त्र्यंबकराव नावाचे एक साळिंदर राहत होते, आणि त्यांच्या बिळात त्यांनाच बसायला जागा नव्हती. सगळी जागा गाण्यांनी अडवली होती. जुन्या तबकड्या, कॅसेटी, सीड्या. आणि नवे अल्बम तर काय, रोज येऊन पडत. जंगलात तबकडी वाजवायला वीज कुठून आली, असं विचारू नका, मुलांनो. निवडणूक होती, तेव्हा आली. आता मध्ये बोलायचं नाही.

त्र्यंबकरावांना गाणं मनापासून आवडे. अगदी खरं सांगतो. पण एकट्याला आवडून त्यांचं भागत नसे. ते दुसऱ्यालाही आवडलं पाहिजे, आणि आत्ताच्या आत्ता, त्यांच्या डोळ्यांदेखत आवडलं पाहिजे.

पाणवठ्यावर हरीण आलं की हे समोर उभे.

"बेडूक बंधूंचा 'ओली रात्र' ऐकलात?"

"नाही बुवा."

"नाही? मग इतकी वर्षं करत काय होतात?"

हरीण बिचारं तहानलेलंच परत जाई. ससे बिऱ्हाड बदलून गेले. रानडुकराने एकदा 'ऐकलाय' म्हणून थाप मारली, तर 'त्यातलं कुठलं आवडलं?' असा प्रश्न आला. तेव्हापासून ते ओढ्यापलीकडे राहतं. वाघ तर एकदा त्यांना खाणारच होता. पण 'टिटवीचा नवा अल्बम आधी ऐका, मग खा,' असं त्र्यंबकराव म्हणाले आणि वाघाने विचार बदलला.

शेवटी उरलं एक कासव. त्यांचं नाव धोंडोपंत. स्वभाव भारी भिडस्त. नाही म्हणणं त्यांना जमत नसे आणि पळून जाणं त्याहून जमत नसे. त्यामुळे रोज संध्याकाळी ते त्र्यंबकरावांच्या बिळात येऊन बसत.

आधी चहा व्हायचा, मग भारद्वाजबुवांची जुनी तबकडी लागायची. भारद्वाज म्हणजे तो तांबड्या पंखांचा पक्षी, ज्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. या तबकडीत बुवा खाली खाली उतरत जातात, अगदी तळाला पोचतात आणि तिथे क्षणभर गप्प होतात. मग सावकाश वर येतात. त्या गप्प होण्यावर त्र्यंबकरावांचा जीव होता.

"आता बघा हं, धोंडोपंत! उतरतायत... अजून उतरतायत... आता थांबणार बरं का... थांबले! ऐकलंत? अहो, याला म्हणतात थांबणं! हल्लीच्या पोरांना येतं का असं थांबता?"

तोवर बुवा वर आलेले असत.

धोंडोपंत पहिल्या 'बघा हं'ला पाय आत घेत आणि दुसऱ्याला डोकं. मग पाठीची ढाल तेवढी समोर राही. त्र्यंबकराव बायकोला कौतुकाने म्हणत, "सरू, बघ कसे तल्लीन झालेत! असा श्रोता या जंगलात दुसरा नाही."

ते खरंच होतं. दुसरा कोणताच श्रोता नव्हता. हेही गेले तर आपण कोणाला ऐकवायचं, ही त्र्यंबकरावांना धास्ती. म्हणून ते धोंडोपंतांना फार जपत. चहात साखर जास्त घालायला सांगत.

एकदा काय झालं, उदमांजराच्या मुलीचं लग्न होतं. मांडवात पाहुण्यांना दिवसभर अल्बम सुचवून सुचवून त्र्यंबकरावांचा घसा बसला. मंगलाष्टकं चालू असताना त्यांनी नवरदेवालाही दोन सुचवले होते. घरी आल्यावर सरूबाईंनी काढा पुढे ठेवला.

"अहो, आज तोंड उघडलंत तर माझ्याशी गाठ आहे. गप बसायचं."

धोंडोपंत नेहमीप्रमाणे आले. तबकडी लागली. धोंडोपंतांनी सवयीने पाय आत घेतले आणि 'बघा हं'ची वाट पाहत राहिले. ते काही येईना. काय झालं म्हणून त्यांनी मान जराशी बाहेर काढली.

त्र्यंबकराव कासावीस झाले होते. हातवारे करत होते, डोळे मोठे करत होते. सरूबाईंनी त्यांच्याहून मोठे डोळे केले. तिकडे बुवा उतरत गेले, तळाला पोचले आणि थांबले. मग बुवा वर आले, तेव्हा धोंडोपंत रडत होते.

"त्र्यंबकराव," ते म्हणाले, "हे एवढे दिवस इथंच होतं?"

त्र्यंबकरावांनी जोरजोरात मान डोलावली.

"मला वाटायचं, मधलं ते बोलणं तबकडीतच आहे. मी म्हणे, एवढा मोठा गवई आणि किती बडबड करतो!"

त्र्यंबकरावांनाही रडू कोसळलं. आपण ऐकवलेल्या गाण्याने कोणाच्या डोळ्यांत पाणी आलेलं ते जन्मात पहिल्यांदा बघत होते. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी तिथल्या तिथे गळ्याला हात लावून शपथ घेतली, की यापुढे गाणं चालू असताना आपण अवाक्षर काढणार नाही.

"चला, कळलं एकदाचं," सरूबाई म्हणाल्या.

शाळेत सांगतात त्या गोष्टी इथेच संपतात. पण आपण शाळेत नाही.

दुसऱ्या दिवशी त्र्यंबकरावांचा घसा सुटला. तरी ते शहाण्यासारखे गप्प बसून वाट बघत होते. धोंडोपंत जरा लवकरच आले. पाठीवर तबकड्यांचं गाठोडं होतं. तळ्यावरच्या बगळ्याकडून मागून आणलं होतं.

"बसा, त्र्यंबकराव. आज मी ऐकवतो."

"वा! वा!"

"हा टिटवीचा नवा अल्बम. तुम्ही ऐकला असेल, पण तसं ऐकणं मी धरत नाही." त्यांनी यंत्र चालू केलं. "हां, आता लक्ष द्या. आता ती ओरडेल. ओरडली की नाही? आणि आता जे ओरडेल ना, ते वेगळंच—"

"अहो धोंडोपंत, ऐकू तर द्या!"

"ऐकाल हो. आधी समजून घ्या."

त्र्यंबकरावांचा एक एक काटा उभा राहायला लागला. "टिटवीचं सुरुवातीचं काम ऐका म्हणावं! नव्यात आहे काय?"

"तुम्ही बसा बेडूक बंधू घेऊन. संपले ते!"

"कोण संपले? बेडूक बंधू संपले?"

शब्दाने शब्द वाढला. सरूबाईंनी मधेच उठून यंत्र बंद केलं. दोघांच्याही लक्षात आलं नाही.

त्या दिवसापासून धोंडोपंत तिकडे फिरकत नाहीत. त्यांना वेळच नसतो. ते गाठोडं घेऊन पाणवठ्याकडे निघालेले असतात. चाल धिमी असल्यामुळे हरणांना वाटतं, आपण सुटलो. पण ते पोचतात.

त्र्यंबकराव संध्याकाळी भारद्वाजबुवांची तबकडी काढतात, धोतराच्या सोग्याने पुसतात आणि परत ठेवून देतात. लावून दाखवायची कोणाला? सरूबाई म्हणतात, "अहो, मी ऐकते की." त्यावर ते म्हणतात, "तुला काय कळतंय त्यातलं?" आणि बिळाच्या तोंडाशी जाऊन, कोणी येतंय का ते बघत उभे राहतात.

तात्पर्य : श्रोता जन्मभर टिकावा असं वाटत असेल, तर त्याला चुकूनसुद्धा गाणं ऐकू देऊ नये.